नदीचा पडदा भिजला

१

तपासनीस बाई नाट्यगृहाच्या पायरीवर छत्री झटकत होत्या, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की आजचा दिवसही धड जायचा नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी सारखं म्हणत होतं, "हात लावू नका, कुणीही हात लावू नका." म्हणणाऱ्या बाईचा आवाज रडून बसलेला होता.

जुन्या इमारती आणि जुने संग्रह जपण्यासाठी अनुदान देणाऱ्या एका निधीत बाई नोकरीला होत्या. गावोगाव जायचं, पडक्या भिंती आणि कसर लागलेली कपाटं पाहायची, अहवाल लिहायचा, आणि वरच्यांनी तो परत पाठवला की पुन्हा लिहायचा, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना मागून 'शेरेवाल्या बाई' म्हणत आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं शेरे मारून त्यांच्या पदरात काय पडलं, तर मानदुखी आणि एक न विझणारा राग. राग निधीच्या एका नियमावर होता. अनुदान मिळे ते फक्त 'तातडीचा धोका' असलेल्यांना. ज्यांनी इमारत पडू दिली त्यांना मदत, आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून ती उभी ठेवली त्यांना 'सुस्थितीत आहे' असा शेरा आणि वर शुभेच्छा. या नाट्यगृहाला हा शेरा दोनदा मिळाला होता. दोन्ही वेळा बाईंनी अनुदान द्यावं म्हणून पानं भरून लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा निधीच्या समितीने त्या पानांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.

ही तिसरी खेप, आणि शेवटची. समिती उद्या बसणार होती. या वेळीही नकार आला तर नाट्यगृहाचे विश्वस्त इमारत एका फर्निचरच्या शोरूमला विकून मोकळे होणार होते. मग वरच्या खोलीतले रंगवलेले पडदे कुठे जाणार, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

पडद्यांच्या खोलीत वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे नाट्यगृहाच्या मालकांची बायको. मालक वारून बरीच वर्षं झाली, पण अख्खं शहर त्यांना अजून वहिनीच म्हणे. मालक होते तेव्हाही पडद्यांचं सगळं त्याच पाहत. ते गेल्यावर तर घरी त्या नुसत्या झोपायला जात.

पडदे जुन्या नाटकांचे होते. जंगल, राजवाडा, तुरुंग, रस्ता, आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत नावाजलेला, नदी. प्रत्येक पडदा लाकडी दांड्यावर गुंडाळून, वर पांढऱ्या कापडाची खोळ चढवून, घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, एकाखाली एक आडवा ठेवलेला. खोळीवर नावाची चिठ्ठी शिवलेली. रंग सरसात कालवलेले, त्यामुळे त्यांना पाणी लागलं की संपलंच. आणि आज तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, दोन फळ्यांमधून आभाळ दिसत होतं, आणि सगळ्यांत वरच्या घोडीवर 'नदी' लिहिलेली गुंडाळी ओलीचिंब, कौलांच्या मातीने व्हावी तशी तांबूस होऊन लोंबत होती.

रात्री पाऊस लागला, कौलं सरकली असावीत, असं वहिनी म्हणाल्या. पहाटे येऊन पाहिलं तर हे. खालची लाकडाची जमीन तेवढी पुसून घेतली, बाकी काही हलवलं नाही. खोळ काढून पाहता येईल का, असं बाईंनी विचारलं. वहिनींनी मान हलवली. नाही, ओली खोळ ओढली तर रंग तिच्याबरोबर निघून येणार. आधी आठवडाभर सावलीत सुकू द्यायचं, मगच उलगडायचं. बाईंना हे ठाऊक होतं, आणि ते खरंही होतं.

त्यांनी कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. साहेबांना सगळं आधीच कळलेलं होतं. वहिनींनी पहाटेच फोटो पाठवले होते. साहेब खुशीत होते. लागली एकदाची तातडी, म्हणाले. आता केस उभी राहिली, समितीतल्या मंडळींनाही कळवून टाकलंय, सुकल्यावर गुंडाळी उघडायला त्यांचा तज्ज्ञ येईल, तुम्ही फक्त संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवा. एवढा मोठा पडदा गेला आणि हा माणूस खूश, या विचाराने बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि वळताना आधाराला हात पुढे केला. हात खालच्या घोडीवरच्या 'तुरुंगा'वर पडला.

वरच्या पडद्यातून रात्रभर पाणी गळलं होतं. त्याच्या बरोबर खाली असलेल्या तुरुंगाची खोळ मात्र कोरडी ठणठणीत होती.

२

बाईंनी त्याखालचा राजवाडा चाचपला. तोही कोरडा. खोळी तरी बदलल्यात का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. वहिनी म्हणाल्या, नाही, सांगितलं ना, काही हलवलं नाही.

भिंतीकडे घोड्यांच्या मागे प्लास्टिकचा एक मोठा कागद घडी करून ठेवला होता. कडा कडेला लावून, नीट, बाई स्वतः साडीची घालत तशी घडी. बाईंनी ती बोटाने जराशी उचलली तर आतून पाणी ओघळलं. त्या जिना उतरल्या.

कुणीतरी आधी खालचे पडदे झाकले होते. मग पाऊस येऊ दिला होता. एवढं कळलं आणि बाईंचं डोकं आणखीच उठलं. अहवालाच्या नमुन्यात 'नैसर्गिक आपत्ती' असा रकाना होता, 'हलगर्जी' असा होता, पण जपून केलेल्या नासधुशीला रकाना नव्हता.

तळमजल्यावरच्या कचेरीत भाऊजी बसले होते. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. वहिनी भाऊजी म्हणतात म्हणून तिकीट फाडणाऱ्यापासून सगळेच त्यांना भाऊजी म्हणत, आणि ते त्यांना बिलकूल आवडत नसे. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पंखा लावला, पंखा खडखडला म्हणून बंद केला.

इमारत विकायला त्यांच्यासारखा उतावीळ माणूस दुसरा नव्हता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. भावाने आयुष्य या चिंध्यांपायी घालवलं, म्हणाले, आता वहिनींचंही चाललंय. मंचावर वर्षातून दोन नाटकं लागतात, मंचाखाली उंदीर. शोरूमवाल्याला शब्द दिलाय. समितीचा नकार आला की दुसऱ्या दिवशी सही.

छपराच्या शिडीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, असं बाईंनी विचारलं. ती इथेच खिळ्याला असते, ज्याला हवी तो घेतो, असं उत्तर मिळालं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून भाऊजींना एकदम उमगलं.

"म्हणजे तुम्हाला वाटतं, छप्पर मी उघडलं?" ते म्हणाले. "अहो बाई, जरा विचार करा. पडदा धड राहिला असता तर तुमची समिती पुन्हा नाही म्हणाली असती, आणि मला तेच हवं होतं. पडदा भिजल्यामुळे आता अनुदान मिळणार. मी नुसता हातावर हात ठेवून बसलो असतो तरी जिंकत होतो."

हे बाईंना नाकारता येईना. माणूस आवडण्यासारखा नव्हता, पण हिशेब चोख होता. त्यात हा इसम तुरुंग आणि राजवाडा झाकायला प्लास्टिक शोधत फिरला असेल, हे तर त्यांना दिसेचना.

त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा भाऊजी मागून म्हणाले की काल दिवेलागणीला छपराच्या शिडीवरून एक माणूस उतरताना त्यांनी पाहिला होता. मिस्त्री. आणि आपण दिसताच त्याने तोंड फिरवलं होतं.

३

मिस्त्री मागच्या अंगणात विंगेची एक मोडकी चौकट दुरुस्त करत बसला होता. जुन्या इमारतींचं लाकूडकाम करणारा शहरातला एवढाच माणूस उरला होता, आणि अनुदान आलं तर सगळं काम त्यालाच मिळणार, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. हो, चढलो होतो. पन्हळ गळत होती, ती पाहायला. अंधारायला लागलं म्हणून उतरलो. तोंड फिरवलं कारण भाऊजी दिसले की मी नेहमीच तोंड फिरवतो, त्यात नवीन काही नाही.

मग कौलं कशी सरकली, असं बाईंनी विचारलं. ते वर गेल्याशिवाय कसं सांगू, असं म्हणून मिस्त्रीने पटाशी आणि आरी पिशवीत टाकली. सकाळपासून त्याला कुणी वर जाऊच दिलं नव्हतं. वहिनी म्हणत होत्या, आधी तपासनीस बाईंना पाहू दे.

पाऊस थांबला होता. साडी खोचून, चपला खाली काढून बाई शिडी चढल्या आणि प्रत्येक पायरीला साहेबांना मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. वर पोचल्यावर मिस्त्रीने बोट दाखवलं. भोकाशेजारी काढलेली कौलं एकावर एक रचून ठेवली होती. एकालाही तडा नव्हता.

"वाऱ्याने सरकलेली कौलं अशी थप्पी लावून बसत नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे माणसाने काढली. तुम्ही?"

"मी काढली असती तर उघड्यावर सोडून उतरलो नसतो. ताडपत्री टाकली असती."

असं सगळेच म्हणतात, असं बाई म्हणणार होत्या, तेवढ्यात मिस्त्री भोकाच्या कडेला ओणवा झाला आणि त्याने हात आत घातला. तक्तपोशीच्या वर, कौलांच्या खाली, जिथे बांधल्यापासून कुणी डोकावलं नव्हतं, तिथे नाट्यगृहाच्या मधल्या मोठ्या तुळईचं टोक होतं. त्याने ते बोटांनी चाचपलं, मग पिशवीतून पटाशी काढून त्याच्यावर टेकवली आणि जरासा भार दिला. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी गेली, आवाजसुद्धा झाला नाही. बाहेर काढली तेव्हा पात्याला वाळवीची माती चिकटली होती.

मिस्त्रीने ती माती बोटांनी चुरून पाहिली. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "खाली तालीम चालू आहे ना? आधी ती बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा."

४

तालीम मास्तरांची होती. मास्तर नाटकं बसवत. गुडघे गेले होते, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. पोरं भराभर बाहेर गेली. मास्तर तेवढे रंगपटात जाऊन बसले आणि बसल्या बसल्या कुरकुरू लागले. छप्पर पडायचं तर आमच्या प्रयोगानंतर पडावं, इतकी वर्षं थांबलं, आणखी दोन आठवडे थांबायला त्याचं काय जातं. बाईंनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला. गुडघ्याची कळ ओसरली की उठतो, म्हणाले. तुळई कोसळली तर नाट्यगृहाच्या मधोमध कोसळणार होती आणि रंगपट एका कडेला होता, म्हणून बाईंनी फार ताणलं नाही.

रंगपट म्हणजे नटांची तयारी करायची खोली. आरसे, उघडे दिवे, आरशांखाली पांढऱ्या रंगाचं लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला तांबडे ठिपके पडले होते. मास्तरांनी ते रुमालाने घासून पाहिले आणि पोरींच्या नावाने बोटं मोडली. रंग लावतात आणि डब्या उघड्या टाकून जातात, म्हणाले, कालच पुसून घेतलं होतं टेबल.

बाईंनी त्यांना नदीच्या पडद्याचं विचारलं. मास्तरांचा चेहरा एकदम निवळला. तो पडदा भिजल्याचं सकाळी कळलं तेव्हा आपण जेवण टाकलं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं वाटत नव्हतं.

"त्या पडद्याची गंमत सांगतो," ते म्हणाले. "सगळा निळा, हिरवा, राखाडी. तांबड्याचा एक ठिपका नाही त्यात. म्हणून मी काय करायचो, नायिकेला लाल पोशाख द्यायचो. ती आली की नदीपुढे दुसरं काही दिसतच नसे. मालक मला हसायचे. त्यांना लालाचं भारी वेड. त्यांनी स्वतः आयुष्यात एकच पडदा रंगवला, बाजाराचा. लाल छपरं, लाल छत्र्या, लाल गाड्या. एकाही नाटकाला चालला नाही, डोळ्यांत घुसायचा. पण वहिनींनी तो राजवाड्याहून जास्त जपला."

बाजाराचा पडदा बाईंना आठवत नव्हता. मग लक्षात आलं की आठवायचं कारणच नाही. निधीच्या यादीत तो नव्हता. यादीत फक्त शंभरी उलटलेल्या वस्तू येत. मालकांचा पडदा त्या मानाने कालचा.

बाईंनी पुन्हा टेबलाकडे पाहिलं. ठिपके गोल होते, भोवती बारीक शिंतोडे. बोटाने लागलेला रंग असा दिसत नाही. हा वरून पडला होता. त्यांनी मान वर केली. रंगपटाच्या छताच्या फळ्यांच्या फटीत तांबड्या पाण्याचा ओघळ वाळून बसला होता.

रंगपटाच्या वर काय आहे, असं त्यांनी विचारलं. पडद्यांची खोली, असं मास्तर म्हणाले, दुसरं काय असणार.

५

बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसल्या. विचार करायला त्यांना कचेरीत कधी अशी जागा मिळाली नव्हती.

भाऊजींना पडदा भिजून तोटाच होता. मास्तरांना शिडी चढणं शक्य नव्हतं, आणि नदीत लाल नाही हे त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं; ज्याला लपवायचं आहे तो असं तोंडाने सांगत नाही. राहिला मिस्त्री. पण मिस्त्रीने छप्पर उघडलं असतं तर तुळई त्याच्या हाताला लागलीच असती. मग पडदे भिजवायची गरजच काय होती? तेवढ्या एका तुळईवर त्याला दोन वर्षांचं काम मिळालं असतं. ज्याने कौलं काढली त्याला लाकडातलं कळत नव्हतं. पडद्यातलं मात्र सगळं कळत होतं. ओली गुंडाळी कुणी उघडणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि बाकीच्यांवर थेंब पडू नये म्हणून त्याने आधी ते झाकले होते. नासधूस करायला निघालं तरी या माणसाचा जपणारा हात आवरत नव्हता. अशी चूक करणारं या इमारतीत एकच माणूस होतं.

बाईंना उठावंसं वाटेना. संताप आला होता आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

वहिनी बाहेर न जाता अजून खोलीतच होत्या. बाई सरळ कोपऱ्यातल्या शेवटच्या घोडीकडे गेल्या. तिथे 'बाजार' अशी चिठ्ठी असलेली गुंडाळी होती, कोरडी. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. बाईंनी खोळीचा बंद सोडला आणि कापड वीतभर वर सारलं. चांगले जपणारे लोक रंगवलेला पडदा रंग बाहेर ठेवून गुंडाळतात. आत ठेवला तर रंगाला चुण्या पडून तो फुटतो. त्यामुळे उलगडायची गरज पडली नाही. खोळीखाली निळं पाणी होतं, आणि पाण्यावर राखाडी सकाळ.

"तुम्ही खोळी बदलल्या," बाई म्हणाल्या. "भिजलाय तो बाजार आहे."

वहिनी खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. पहाटे रडून झालं होतं, आणि ते रडणं खोटं नव्हतं हे बाईंना आता कळलं.

"दोनदा तुम्ही आलात," वहिनी म्हणाल्या. "दोनदा मी आठवडाभर आधीपासून एकेक पडदा बाहेर काढून साफ केला. आणि दोनदा शेरा आला, सुस्थितीत. मी विचार केला, यांना सुस्थिती चालत नाही ना, मग मोडू. पण कुणाला मोडू? तुरुंगावर हात चालेना. नदीवर तर नाहीच. मग म्हटलं, जो माझा आहे, जो तुमच्या यादीत नाही, तोच द्यावा. आमच्या ह्यांनी लग्नाच्या वर्षी रंगवला होता. ते असते तर म्हणाले असते, दे."

"आणि तज्ज्ञ गुंडाळी उघडायला आला असता तेव्हा?"

"तोवर समितीचा होकार आला असता. पुढचं पुढे." वहिनींनी ओल्या गुंडाळीकडे पाहिलं. "एवढा विचार मी केला नाही, खरं सांगते. नुसता राग आला होता."

बाईंनी त्यांना तुळईचं सांगितलं. वाळवीने ती आतून पोखरली होती. नाट्यगृह खरंच धोक्यात होतं, आजचं नाही, कित्येक वर्षांपासून. अनुदानाला तेवढं पुरलं असतं. वहिनी ऐकत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे छप्पर नुसतं उघडून दाखवलं असतं तरी चाललं असतं? बाई म्हणाल्या, चाललं असतं.

"मग दोनदा आलात तेव्हा तुम्ही का नाही पाहिलंत?"

बाईंकडे याला उत्तर होतं आणि ते द्यायची त्यांना लाज वाटली. पाहणीच्या नियमांत लिहिलेलं होतं की बांधकाम उघडू नये, डोळ्यांना दिसेल तेवढंच नोंदवावं. त्यांनी ते सांगितलं. वहिनी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत, आणि त्यामुळे बाईंना आणखीच वाईट वाटलं.

६

तुळईचं लिहायचं आणि पडद्याचं गाळायचं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण फोटो गेले होते, बातमी वरपर्यंत पोचली होती, तज्ज्ञाचं येणं ठरलं होतं. आज ना उद्या खोळ निघाली की नदीच्या जागी बाजार निघणार आणि मग नाट्यगृहाला कायमची बंदी. नियम तसा होता. ज्याने मुद्दाम नुकसान केलं त्या संस्थेला पुन्हा कधीच अनुदान नाही.

त्या नियमाला एकच फट होती, आणि ती बाईंनी पाठ केलेली होती. संस्थेने स्वतः होऊन गुन्हा कळवला आणि गुन्हा करणाऱ्याला संग्रहापासून कायमचं दूर केलं, तर अर्ज जिवंत राहतो. म्हणजे अध्यक्षांनी सही करून वहिनींना काढायचं. अध्यक्ष भाऊजी. आणि भाऊजींनी सही केली नाही तर अर्ज मरणार, इमारत विकली जाणार, त्यांना हवं तेच होणार. एवढा खटाटोप करून बाईंनी सगळं नेऊन ठेवलं होतं ते नेमकं या माणसाच्या हातात. शेरे मारण्यात आयुष्य घालवलं त्याचं हे फळ, असं त्यांना वाटलं.

कचेरीत बाईंनी सगळं सांगितलं. भाऊजी टेबलावर बोटं वाजवत ऐकत होते. तुळई, कौलं, खोळी. काही ठिकाणी त्यांना हसूही आलं. वहिनी बऱ्याच पोचलेल्या निघाल्या, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते म्हणाले की त्यांना सही करायचं काही कारण दिसत नाही. वहिनींना घरातल्या घरात असं बदनाम करणं बरं नव्हे. त्यापेक्षा अर्ज मागे घेऊ, सगळं शांतपणे मिटेल.

दाराशी उभ्या असलेल्या वहिनी आत आल्या.

"भाऊजी, कुठला पडदा भिजवला ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. कुठलातरी दुसरा."

"बाजाराचा."

बोटं वाजायची थांबली. भाऊजींनी बाईंकडे पाहिलं, मग वहिनींकडे. सांगताना बाई 'यादीबाहेरचा पडदा' एवढंच म्हणाल्या होत्या; त्यांच्या दृष्टीने तोच मुद्दा होता.

"दादाचा?" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी मान हलवली.

भाऊजी उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं. "त्याचे रंग मी कालवले होते," ते म्हणाले. "शाळेतून आलो की सरस तापवायचा, लाल कालवायचा. महिनाभर माझी बोटं लाल होती. दादा म्हणायचा, अजून, अजून टाक. त्याने आयुष्यात तेवढी एकच गोष्ट स्वतःसाठी केली. आणि तुम्ही ती पावसात ठेवलीत. अनुदानासाठी."

"हो."

"पावसात नदी ठेवायची होती. ती कुणाची कोण."

"नदी माझी नव्हती, भाऊजी. ती द्यायचा मला हक्क नव्हता."

"आणि हा होता?" त्यांनी बाईंसमोर हात पसरला. "कुठे सही करायची? द्या इकडे. यापुढे यांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

बाईंनी कागद पुढे केला. भाऊजींनी इतक्या रागाने सही केली की कागद फाटता फाटता राहिला. इमारत वाचली, पडदे वाचले, आणि ज्या एका माणसाने ते जपले होते तेवढं बाहेर गेलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक अहवाल असा लिहिला की जो समिती परत पाठवू शकणार नव्हती, आणि त्यांना तो फाडून टाकावासा वाटत होता. त्यांनी तो पाठवला. साहेबांचा फोन आला तो उचलला नाही.

निघताना त्या वर गेल्या. भाऊजी पडद्यांच्या खोलीत एकटेच उभे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, ओल्या गुंडाळीसमोर. वहिनी बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे होत्या. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते.

"हा सुकायला किती दिवस लागतील?" भाऊजींनी गुंडाळीकडेच पाहत विचारलं.

"आठ," वहिनी म्हणाल्या. "पंखा लावू नका. खिडकी थोडीशी उघडी ठेवा. रोज एकदा दांडा अर्धा फिरवायचा, नाहीतर पाणी एका बाजूला साचतं."

"असा?"

त्यांनी दांड्याला हात घातला. वहिनी पुढे झाल्या, पाऊल उचललं, आणि उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"तसा नाही, भाऊजी," त्या तिथूनच म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. हळू."